फेजिंग लाइनचा फेज कसा मोजायचा? सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात गच्चीवर दोन व्हर्टिकल (उभ्या अँटेना) उभे करणारे हॅम (हौशी रेडिओवाले) असोत, नाहीतर सांगली-मिरजेत अंतराळ स्थानक ऐकण्यासाठी टर्नस्टाइल (काटकोनातल्या दोन डायपोलची अँटेना) बांधणारे विद्यार्थी, फेजिंग लाइनचा, म्हणजे दोन अँटेनांच्या सिग्नलमध्ये ठरावीक फरक पाडणाऱ्या केबलच्या तुकड्याचा, फेज मोजताना बहुतेकांचे अडते ते ठरलेल्या जागीच. पुढचे प्रश्न त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. उदाहरणांसाठी मुख्यतः ७.१ आणि १४५ मेगाहर्ट्झ या दोनच फ्रिक्वेन्सी धरल्या आहेत. केबलचा वेगळा उल्लेख नसेल तिथे आरजी-५८ (५० ओहमची कोॲक्सियल केबल) समजावी.

१. फेज शिफ्ट अंशात का सांगतात? मीटरमध्ये सांगितला तर काय बिघडतं?

सिग्नल केबलच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत थोडा वेळ जातो. एका पूर्ण आवर्तनाला ३६० अंश धरले, तर तेवढ्या वेळात आवर्तन जितके अंश पुढे सरकते तो त्या तुकड्याचा फेज शिफ्ट. आरजी-५८ मध्ये सिग्नलला दर मीटरला सुमारे ५.०५ नॅनोसेकंद लागतात. ७.१ मेगाहर्ट्झवर हा एक मीटर म्हणजे जेमतेम १३ अंश, आणि १४५ वर तोच मीटर २६४ अंश. केबल एकच असली तरी फ्रिक्वेन्सीप्रमाणे अंश बदलतात, म्हणून नुसत्या मीटरवरून काही ठरत नाही. विलंब असल्यामुळे यंत्रावर हा आकडा उणे दिसतो. −९० दिसले म्हणजे तुकडा ९० अंशांचाच आहे.

२. ९० अंशांच्या तुकड्याची लांबी किती?

२९९.७९ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, येईल त्याला ४ ने भागा आणि केबलच्या व्हेलॉसिटी फॅक्टरने (केबलमधला सिग्नलचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) गुणा. उत्तर मीटरमध्ये मिळते. ०.६६ फॅक्टर धरला तर ७.१ मेगाहर्ट्झला ६.९७ मीटर आणि १४५ मेगाहर्ट्झला ३४.१ सेंटीमीटर. ही लांबी फक्त बाजारात केबल मागताना वापरायची. कापताना प्रश्न ५ प्रमाणे मोजूनच कापा.

३. केबलच्या माहितीपत्रकात व्हेलॉसिटी फॅक्टर दिलेला असतो. मग मोजायचं कशाला?

कारण छापलेला आकडा त्या जातीच्या केबलचा असतो, तुमच्या हातातल्या तुकड्याचा नसतो. आतले इन्सुलेशन भरीव पॉलिथिनचे असेल तर फॅक्टर ०.६६ च्या आसपास येतो, भरीव टेफ्लॉनचे असेल तर ०.६९ ते ०.७०. फोमची केबल मात्र ०.७८ पासून ०.८५ पर्यंत कुठेही असू शकते, कारण फोममध्ये हवा किती हे कंपनीगणिक आणि कधीकधी रिळागणिकही बदलते. ०.८२ धरून कापलेली केबल प्रत्यक्षात ०.८५ ची निघाली, तर ९० अंशांचा तुकडा ८७ अंशांचाच होतो.

आणखी एक बारकावा. फॅक्टर सगळ्या फ्रिक्वेन्सींना अगदी सारखा नसतो. खाली, काही मेगाहर्ट्झवर, तो किंचित कमी होतो. मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असेल तर हा फरक जास्त जाणवतो. म्हणून १४५ वर काढलेला फॅक्टर ३.५ मेगाहर्ट्झच्या लाइनसाठी वापरू नका. ज्या फ्रिक्वेन्सीवर काम करायचे, तिथेच मोजा.

४. किती अंशांची चूक चालते?

काम कोणते आहे त्यावर अवलंबून आहे. टर्नस्टाइल किंवा आडव्या-उभ्या यागीच्या (एका दिशेला रोखणाऱ्या अँटेनाच्या) जोडीत सर्क्युलर पोलरायझेशनसाठी (गोल फिरणाऱ्या लहरीसाठी) ९० ऐवजी ९५ अंश झाले, तरी दोन्ही दिशांतला फरक पाऊण डेसिबलच्या आसपास राहतो. तो कानाला कळणारही नाही. पण दोन व्हर्टिकलच्या जोडीत मागच्या बाजूचा आवाज मारायचा असेल तर गणित कडक होते. बाकी सगळे आदर्श धरले, तरी १० अंशांच्या चुकीने मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त २१ डेसिबलने खाली जाते. ५ अंशांच्या चुकीने २७ आणि २ अंशांच्या चुकीने ३५ डेसिबलने.

कापताना लक्षात ठेवायचा हिशेब असा: एक अंश म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला ७.७ सेंटीमीटर, १४५ ला ३.८ मिलिमीटर, ४३५ ला जेमतेम सव्वा मिलिमीटर. म्हणून ४० मीटर बँडवर (७.१ मेगाहर्ट्झ) मिलिमीटरची चिंता करण्यात अर्थ नाही, आणि ७० सेंटीमीटर बँडवर (४३५ मेगाहर्ट्झ) कनेक्टर विसरून चालत नाही (प्रश्न ८).

५. नॅनोव्हीएनएने तुकडा नेमका कसा मोजायचा आणि कापायचा?

नॅनोव्हीएनए म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार केबल किंवा अँटेना कशी वागते ते मोजणारे छोटे यंत्र. सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे दुसरे टोक उघडे ठेवून एस११ (पहिल्या पोर्टमधून जाऊन परत येणारा सिग्नल) पाहणे. पाव तरंगलांबीचे उघडे टोक अलीकडच्या टोकाला शॉर्टसारखे दिसते. तिथे रिॲक्टन्स (अडथळ्याचा कॉइल-कपॅसिटरसारखा भाग) शून्यातून जातो, आणि तो बिंदू इतका तीव्र असतो की चुकायला जागा कमी.

आधी स्वीप (मोजायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अरुंद करा. जुन्या नॅनोव्हीएनएमध्ये एका स्वीपला १०१ बिंदू असतात. ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ ठेवलेत तर दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झचे अंतर पडते आणि मोजमाप निरुपयोगी होते. १४५ साठी १३० ते १६० ठेवा, म्हणजे एक पायरी ०.३ मेगाहर्ट्झची, अंशात ०.२ पेक्षा कमी. ७.१ साठी ६ ते ८ पुरे.

मग ओपन, शॉर्ट, लोड असे कॅलिब्रेशन करा. स्वीप बदलला की पुन्हा करा. कॅलिब्रेशनचे तुकडे तिथेच लावायचे, जिथे पुढे केबल जोडणार आहात. मध्ये ॲडॉप्टर येणार असेल तर तो ॲडॉप्टर लावून, त्याच्या पुढच्या तोंडाशी कॅलिब्रेशन झाले पाहिजे. बीएनसीचे शॉर्ट आणि लोड घरी करता येतात: एका कनेक्टरमध्ये मधली पिन आणि कडे डाग देऊन जोडा, दुसऱ्यात १०० ओहमचे दोन छोटे रेझिस्टर समांतर लावा.

आता केबल हिशेबापेक्षा पाच टक्के लांब कापा आणि एका टोकाला कनेक्टर बसवा. दुसरे टोक ब्लेडने सरळ छाटा. जाळीचा एक जरी केस मधल्या तारेला टेकला तरी सगळे उलटे दिसेल. रिॲक्टन्स उणेतून अधिककडे जाताना शून्य कुठे होतो ते मार्करने पाहा. तिथे रेझिस्टन्स एखाद-दोन ओहम आणि एस११ चा फेज १८० अंश असायला हवा. लक्षात घ्या, सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून एस११ चा आकडा नेहमी दुप्पट असतो.

कापायचा हिशेब सोपा आहे. नवी लांबी म्हणजे आताची लांबी गुणिले दिसलेली फ्रिक्वेन्सी, भागिले हवी असलेली फ्रिक्वेन्सी. ३६ सेंटीमीटरचा तुकडा १३७.५ वर शून्य दाखवत असेल आणि १४५ हवे असेल, तर ३४.१ सेंटीमीटर. पण एका दमात १.९ सेंटीमीटर छाटू नका. आधी सव्वा सेंटीमीटर छाटा, पुन्हा मोजा, मग उरलेले.

६. ९० नको, ७१ किंवा ८४ अंश हवे आहेत (कशासाठी ते प्रश्न १२ मध्ये). उघड्या टोकाची रीत चालेल का?

चालते. तुकडा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ९० अंशांचा करा. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे हवी असलेली फ्रिक्वेन्सी गुणिले ९०, भागिले हवे असलेले अंश. ७.१ मेगाहर्ट्झवर ७१ अंशांसाठी शून्यबिंदू ९.० मेगाहर्ट्झवर आणा, ८४ अंशांसाठी ७.६१ वर. इतक्या जवळच्या फ्रिक्वेन्सीत फॅक्टर बदलत नाही, त्यामुळे प्रश्न ३ मधली अडचण इथे येत नाही.

७. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवल्यावर एस२१ ने (पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात पोहोचणाऱ्या सिग्नलने) थेट फेज दिसतो. मग तेच का करू नये?

करा, शेवटची तपासणी म्हणून तीच रीत चांगली. पण तिच्या दोन अटी आहेत. पहिली: केबलचा इम्पिडन्स यंत्राच्या ५० ओहमशी जुळायला हवा. ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या यंत्रात मोजली, तर ९० अंशांवर वाचन बरोबर येते, पण ४५ अंशांच्या तुकड्याला ४७.३ दिसतात आणि ७१ च्या तुकड्याला ७२.४. अशा केबलसाठी प्रश्न ५ आणि ६ ची रीत वापरा, ती इम्पिडन्सवर अवलंबून नाही.

दुसरी अट थ्रू कॅलिब्रेशनची. दोन टेस्ट केबल एकमेकींना जोडताना मध्ये एसएमए बॅरल (दोन कनेक्टर जोडणारा सरळ तुकडा) लावला आणि मोजताना तो काढला, तर त्याचा विलंब तुमच्या वाचनातून वजा होतो. टेफ्लॉनचा दीड सेंटीमीटरचा बॅरल १४५ वर पावणेचार अंशांच्या आसपास असतो. ७.१ वर तो ०.२ अंशही नाही, म्हणून एचएफवाल्यांच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ वापरणाऱ्यांच्या) हे लक्षात येत नाही.

आणि पडद्यावर फेज −१८० पर्यंत जाऊन +१८० वर उडी मारतो, हा बिघाड नाही. ४५० अंशांचा तुकडाही −९० च दाखवतो. शंका असेल तर स्वीप खालपासून सुरू करा आणि उड्या मोजा.

८. लांबी मोजताना कनेक्टर धरायचा की नाही?

धरायचा. मात्र टेप लावून नव्हे, यंत्राने मोजून. ज्या कनेक्टरसकट तुकडा अँटेनाला लागणार, त्या कनेक्टरसकटच मोजा. पीएल-२५९ ची जोडी आणि टी कनेक्टर मिळून काही सेंटीमीटर सहज भरतात. १४५ वर ते दहा अंशांच्या घरात जाऊ शकते. टी कनेक्टरमध्ये लांबी सुरू होते ती तीन वाटा जिथे मिळतात त्या मधल्या बिंदूपासून, तोंडापासून नाही. व्हीएचएफला कनेक्टर गाळून केबल थेट डाग देऊन जोडणे उत्तम. पण तेव्हा सोललेल्या शेंड्या दोन्ही डायपोलवर सारख्याच ठेवा.

९. केबल टीव्हीची आरजी-६ घरात पडून आहे. फेजिंग लाइनला चालेल?

७५ ओहमचे काम असेल तर छान चालते, आणि टर्नस्टाइलला ७५ ओहमच हवे असते (प्रश्न १२). फोममुळे फॅक्टर ०.८२ ते ०.८५ असतो. १४५.८ मेगाहर्ट्झला, म्हणजे अंतराळ स्थानकाच्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीला, ०.८२ धरून ४२ सेंटीमीटर लागतात. दोन अडचणी ठरलेल्या. बहुतेक आरजी-६ ची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला डाग बसत नाही. एफ कनेक्टर क्रिम्प करा, किंवा जाळी मागे वळवून तांब्याच्या पट्टीने आवळा. शिवाय मधली तार पोलादी असल्याने एचएफच्या खालच्या टोकाला तोटा जास्त होतो.

केबल खरोखर ७५ ओहमची आहे का, हेही पाहता येते. उघड्या टोकाने ९० अंशांची फ्रिक्वेन्सी काढा आणि मार्कर तिच्या निम्म्यावर न्या. तिथे तुकडा ४५ अंशांचा असतो आणि दिसणारा उणे रिॲक्टन्स हाच केबलचा इम्पिडन्स. −७४ दिसले तर केबल ७४ ओहमची. ओळख पटत नसलेल्या जुन्या केबलची पारख करायला ही रीत फार उपयोगी आहे.

१०. नॅनोव्हीएनए नाही. एसडब्ल्यूआर मीटरवर फेज कळेल का?

नुसत्या एसडब्ल्यूआर मीटरला (परावर्तन किती ते दाखवणाऱ्या) फेज कळत नाही. पण सिग्नल जनरेटर आणि रिसिव्हर, किंवा नॉइझ सोर्स आणि आरटीएल-एसडीआर (संगणकाला लागणारा छोटा रिसिव्हर) असेल तर काम होते. दोघांना जोडणाऱ्या केबलमध्ये टी कनेक्टर घाला आणि तिसऱ्या तोंडाला उघड्या टोकाचा तुकडा लटकवा. तो ज्या फ्रिक्वेन्सीवर ९० अंशांचा होतो, तिथे सिग्नलमध्ये खोल खड्डा दिसतो. कापायचा हिशेब प्रश्न ५ चाच. टीची लांबी विसरू नका.

वालचंद महाविद्यालय किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांना दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप हाताशी असेल, तर केबलच्या पुढच्या टोकाला ५० ओहमचा लोड लावून दोन्ही टोके दोन सारख्या प्रोबने पाहा. ७.१ मेगाहर्ट्झवर ९० अंश म्हणजे ३५.२ नॅनोसेकंद आणि एक अंश ०.३९. लोड लावला नाही तर केबलमध्ये परावर्तन होते आणि हे वाचन खोटे ठरते. १४५ वर साध्या ऑसिलोस्कोपचा आधार घेऊ नका.

११. जास्तीची लाइन गुंडाळून ठेवली तर फेज बदलतो का?

आतला सिग्नल मधल्या तारेत आणि जाळीच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून गुंडाळी केल्याने किंवा फेराइटवर घेतल्याने फेज बदलत नाही. घट्ट वळण मात्र नको. केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्या ठेवा, आरजी-५८ साठी ५ सेंटीमीटर. फोमच्या केबलमध्ये घट्ट वळणाला मधली तार एका बाजूला सरकते. मग इम्पिडन्सही बिघडतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

१२. तुकडा बरोबर ९० अंशांचा मोजला, तरी व्हर्टिकलची जोडी फक्त एकाच बाजूचं ऐकत नाही. का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. ९० अंशांची लाइन ९० अंशांचा फरक देते, पण ते फक्त तिच्या टोकाला तिच्याच इम्पिडन्सचा लोड असेल तेव्हा. पाव तरंगलांबी अंतरावरच्या दोन व्हर्टिकलमध्ये तसे नसते. ते एकमेकांवर परिणाम करतात आणि दोघांचे इम्पिडन्स वेगळे होतात. उत्तम जमिनीवर, करंट सारखे आणि ९० अंशांच्या फरकाने असतील तेव्हा, पुढच्या फेजच्या व्हर्टिकलला साधारण २१ ओहम आणि −२० रिॲक्टन्स दिसतो, मागे पडणाऱ्याला ५१ ओहम आणि +२०. एकाला थेट आणि दुसऱ्याला ५० ओहमची ९० अंशांची लाइन जोडली, तर गणिताने करंटमधला फरक सुमारे १०७ अंश येतो. शिवाय लाइनवरच्या व्हर्टिकलला पहिल्याच्या जेमतेम निम्मा करंट मिळतो. मागचा आवाज मरणार कसा?

याचे एक जुने उत्तर क्रिस्टमन पद्धत. दोन्ही व्हर्टिकलना ५० ओहमच्या ८४ अंशांच्या लाइन द्यायच्या आणि मागे पडणाऱ्याच्या वाटेत आणखी ७१ अंशांचा तुकडा घालायचा. ७.१ मेगाहर्ट्झला आरजी-५८ मध्ये ते ६.५० आणि ५.५० मीटर होतात. लाइनमधला फरक ७१ अंशांचा असला तरी वर दिलेल्या इम्पिडन्सवर करंटमधला फरक ९० येतो. रेडियल (बुडापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) कमी असतील तर इम्पिडन्स बदलतात आणि हे आकडेही हलतात.

दुसरे उत्तर अँटेनातज्ज्ञ रॉय लेवॅलन यांनी हॅम मंडळींत रूढ केलेले करंट फोर्सिंग. ९० अंशांच्या लाइनच्या टोकाचा करंट फक्त तिच्या सुरुवातीच्या व्होल्टेजवर आणि लाइनच्या इम्पिडन्सवर ठरतो, लोड कसाही असो. म्हणून एका बिंदूपासून दोन सारख्या ९० अंशांच्या लाइन नेल्या की दोघांत सारखाच करंट जातो. ९० अंशांचा फरक मग त्या बिंदूपाशी कॉइल आणि कपॅसिटरच्या एल-नेटवर्कने द्यायचा.

टर्नस्टाइलला यातला त्रास नाही. काटकोनातले डायपोल एकमेकांवर जवळपास परिणाम करत नाहीत. मोकळ्यावर प्रत्येकी ७३ ओहमचे असतात, म्हणून ७५ ओहमची ९० अंशांची लाइन चपखल बसते. तिथे ५० ओहमची वापरली तर फेज ९० च राहतो, पण एका डायपोलमध्ये दुसऱ्याच्या १.४६ पट करंट जातो आणि पोलरायझेशन लंबगोल होते.

१३. लाइन दोन्ही व्हर्टिकलपर्यंत पोहोचतच नाही. एक पूर्ण तरंगलांबी वाढवू का?

वाढवता येते, पण बँडची रुंदी कमी होते. १४५ ला कापलेली ९० अंशांची लाइन १४४ ते १४६ या पट्ट्यात दोन्ही बाजूंना ०.६ अंश सरकते, ४५० अंशांची ३.१ अंश. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर ०.६६ च्या केबलमधल्या दोन ९० अंशांच्या लाइन मिळून ०.३३ तरंगलांबीच भरतात, तिथे करंट फोर्सिंगसाठी दोन्ही २७० अंशांच्या घ्या. नुसते १८० अंश उलटवायचे असतील तर जास्तीची लाइन नकोच. एका डायपोलच्या दोन तारा अदलाबदल करा, हा फरक फ्रिक्वेन्सीने बदलत नाही.

१४. मग अँटेनावरचा खरा फेज मोजायचा कसा?

प्रत्येक व्हर्टिकलच्या बुडाशी करंट मोजून. छोट्या फेराइट रिंगमधून व्हर्टिकलची तार एकदाच ओवा. रिंगवर २० वेढे घाला आणि त्यांच्यावर ५० ओहमचा रेझिस्टर लावा. दोन्ही रिंगा एकाच गठ्ठ्यातल्या आणि वेढ्यांची दिशा एकच हवी, नाहीतर १८० अंशांची चूक येईल. नॅनोव्हीएनएचा पहिला पोर्ट अँटेनाच्या फीडला आणि दुसरा पोर्ट आधी एका रिंगेला, मग दुसऱ्या रिंगेला त्याच केबलने जोडा. दोन एस२१ वाचनांच्या फेजमधला फरक म्हणजे करंटचा फरक, डेसिबलमधला फरक म्हणजे त्यांचे प्रमाण. या केबलवर चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी फेराइट गुंडाळी) घाला, नाहीतर तिची जाळीच अँटेना बनते.

१५. लॅडर लाइन किंवा ३०० ओहमची चपटी फीत कशी मोजायची?

एकास-एक (१:१) चोक लावून, आणि कॅलिब्रेशन चोकच्या पुढच्या टोकाला करून. फीत जमिनीवर किंवा पत्र्यावर ठेवून मोजू नका. तिच्या रुंदीच्या चारपट तरी लांब, नायलॉनच्या दोरीला टांगून मोजा. ओली झाल्यावर तिचा फेज सरकतो, म्हणून महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात फेजिंगला कोॲक्सच बरी.

१६. उन्हाळा-पावसाळ्याने फेज किती हलतो?

सांगलीच्या मे महिन्यातल्या उन्हाने पॉलिथिनची केबल तापली तरी ९० अंशांच्या तुकड्यात अर्ध्या अंशाच्या आसपासच फरक पडतो. टेफ्लॉनचे गुणधर्म १९ अंश सेल्सियसच्या आसपास एकदम बदलतात, थंडीतल्या सकाळी आणि दुपारी घेतलेली वाचने किंचित वेगळी येतात ती यामुळे. घरगुती अँटेनाला दोन्ही सोडून द्या. दोन्ही लाइन एकाच केबलच्या असतील तर त्या सोबतच हलतात.

खरा शत्रू पाणी. जाळीतून ते आत ओढले जाते आणि फोममध्ये मुरते. मग फेज आणि तोटा दोन्ही बदलतात, आणि केबल वाळवून पूर्ववत होत नाही. सांध्यावर आधी स्वतःशी चिकटणारी रबरी टेप, वर साधी टेप, आणि केबलला खाली थेंब गळण्यासाठी एक झोल द्या. मे अखेरीस प्रत्येक लाइनचे एस११ वाचन फाइल करून ठेवा आणि ऑक्टोबरात पुन्हा मोजा. शून्यबिंदू एक टक्क्याहून जास्त सरकला असेल तर तुकडा बदला.

१७. केबल टेबलावर ठीक मोजली जाते, पण अँटेना जोडली की वाचन थरथरतं. यंत्र खराब झालं का?

बहुधा नाही. अँटेना आजूबाजूचे सिग्नलही आत आणते. सांगलीत आकाशवाणीच्या १२५१ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी केंद्राजवळ राहत असाल, तर प्रक्षेपण चालू असताना लांब तारेवर भरपूर व्होल्टेज येते आणि नॅनोव्हीएनएचा रिसिव्हर दबतो. मध्यम लहरी अडवणारा हायपास फिल्टर लावा आणि कॅलिब्रेशन त्याच्यासकट करा. शेजारच्या अँटेनावर कोणी प्रक्षेपण करत असेल तर यंत्र आधी काढून घ्या, त्याचे इनपुट जळू शकते.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसू लागले की मोजमाप थांबवा. एरवीही अँटेनाची केबल यंत्राला लावण्यापूर्वी मधली पिन आणि जाळी क्षणभर शॉर्ट करा, म्हणजे साठलेली स्थिर वीज निघून जाते.